पिवळ्या रुबियाचं विमान

पौष लागला की बीडच्या कापडबाजारात काळा रंग उतरतो. वर्षभर "काळं नको बाई" म्हणून नाक मुरडणाऱ्या बाया संक्रांतीच्या तोंडावर काळ्या साड्यांच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून उभ्या असतात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी जब्बारचाचाच्या दुकानात पतंगांच्या चळती लागतात, ताज्या खळीचा आंबूस वास येतो, आणि दुपार झाली की बिंदुसरा नदीच्या अंगानं वारा सुटतो. कोरडा, खडबडीत, धुळीचा वारा. वाळत घातलेली चादर उचलून शेजाऱ्याच्या गच्चीत नेऊन टाकणारा. लोक त्याला शिव्या देतात. मी देत नाही. दोन वर्षांपूर्वी त्यानं माझं एक मोठं काम केलंय.

ह्या थंडीत माझं उजवं मनगट ठणकतं. सकाळी तिळाचं तेल कोमट करून चोळते, आणि चोळता चोळता तो सगळा मोसम पुन्हा हाताखालून जातो.

मी टेलरीण. लिंबागणेशहून लग्न होऊन ह्या गल्लीत आले तेव्हा एक पत्र्याची पेटी आणि एक शिलाई मशीन घेऊन आले. तीस वर्षं त्या मशीनवर अख्ख्या गल्लीचे ब्लाऊज शिवले. कोणाचा एक खांदा उतरता आहे, कोणाच्या पाठीला बाक आलाय, कोणाला दिवस गेलेत, हे मला तिच्या सासूच्या आधी कळायचं. आणि मी कुणाला सांगायचे नाही, म्हणून माझं दुकान चालायचं. त्या वर्षी नवरात्राच्या साफसफाईत माळ्यावरची पितळी घागर काढायला स्टुलावर चढले आणि स्टूल सोडून सगळं खाली आलं. घागरीला पोचा आला, मला प्लॅस्टर.

दिवाळी, म्हणजे आमच्या धंद्याची सुगी, गळ्यात हात अडकवून गेली. प्लॅस्टर कापलं तेव्हा आतून निघालेला हात माझा नव्हताच. पांढरा, वाळलेला, खरबरीत. अंगठा आणि पहिली दोन बोटं एकमेकांजवळ यायची, पण सुई धरायला लागणारी शेवटची तसूभर वाट चालायची नाहीत. सुई पडायची. मी उचलायची, ती पडायची. व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी एक हिरवा रबरी चेंडू दिला आणि रोज दोनशे वेळा दाबायला सांगितलं. मी तो पाच वेळा दाबायचे आणि भिंतीवर फेकायचे. तीस वर्षं ज्या हातानं काम केलं त्या हाताला खेळ खेळायला सांगितलेला सहन होईना.

आमचे हे भांड्यांचे दुकानदार. स्वभावानं मऊ. एवढे मऊ की गिऱ्हाईक पातेलं वाजवून बघतं तेव्हा ह्यांनाच वाईट वाटतं. त्यांनी एक दिवस मशीनवर जुनी चादर टाकली.

"धूळ बसंल म्हनून," ते म्हणाले.

आठ दिवसांनी तेलगावचा एक टेलर येऊन मशीन बघून गेला. संक्रांत झाली की टेंपो घेऊन येतो म्हणाला. ह्यांनी मला समजावलं, "रोज डोळ्यांसमोर दिसती, रोज तुला तरास. लई शिवलंस. आता आराम कर."

मी भांडले नाही. ते खरंच माझ्या भल्यासाठी बोलत होते आणि हात खरंच चालत नव्हता. मी फक्त एवढंच म्हणाले, की संक्रांतीपर्यंत थांबा. तोवर ह्या हातानं सरळ टाका घातला तर मशीन कुठं जाणार नाही. ते "बरं" म्हणाले. दवाखान्यात पेशंटला म्हणतात तसलं बरं.

रिकाम्या बाईला फोन हा मोठा सोबती. मी दिवसभर शिवणकामाचे व्हिडिओ बघायची. उपाशी माणसानं हॉटेलाच्या दारात उभं राहावं तशी. त्यातच एकदा ते समोर आलं. परदेशातल्या कुठल्या तरी शेडमध्ये एक म्हातारी बाई, नाकावर चष्मा, हातात वीतभर लांब सुई, आणि पुढ्यात विमानाचा पंख. जुन्या काळचं दुपंखी विमान होतं ते, एकावर एक असे दोन मजली पंख असलेलं, वैमानिकांना शिकवायचं पिवळं विमान. ती बाई लाकडी फासळ्यांवर कापड ताणून ते फासळीला शिवत होती. सुई वरून खाली, खालून वर, गाठ. दोन बोटं पुढं सरकायचं, पुन्हा गाठ.

मी ताडकन उठून बसले. विमान शिवतात! जन्मभर मला वाटत होतं की विमान म्हणजे लोखंड, इंजिनियर, मोठ्या लोकांची कामं. आणि इथं एक म्हातारी बाई फासळीवर अस्तर लावल्यासारखी विमान शिवत बसली होती. तिचा टाका मी तीन वेळा थांबवून बघितला. खरं सांगते, माझ्यापेक्षा बरा नव्हता.

त्याच विमानाचं छोटं प्रतिरूप करायचं मी ठरवलं. नकाशा मिळाला, झेरॉक्सवाल्यानं चार कागद चिकटवून मोठा करून दिला. खरं विमान जितके फूट, तितके माझे दीड इंच. पंखांची लांबी चव्वेचाळीस इंच निघाली. चव्वेचाळीस हा आकडा माझ्या ओळखीचा होता. गल्लीत तेवढ्या मापाच्या दोघी आहेत.

ढाच्यासाठी जब्बारचाचाकडं गेले. चाचांचं घराणं पतंगांचं आणि मोहरमच्या ताबुतांचं. बांबूची कामटी त्यांच्या हातात आली की मेणाची होते. मेणबत्तीवर धरून, फुंकर मारत, ते तिला हवी तिथं वळवतात. मी नवी नवरी होऊन आले तेव्हापासून ते मला बघतायत. त्यांनी नकाशा उलटा धरला, सुलटा धरला आणि माझ्या हाताकडं बघितलं.

"बेटी, ये तू करनार? या हातानं?"

"ह्याच हातानं करायचंय चाचा. दुसऱ्यानं करायचं आसतं तर तुमच्याकडं कशाला आले आसते?"

"बरोबर हाय," ते म्हणाले. "ढाचा माजा, कापड तुजं. आन हे बघ, इमान काय आन पतंग काय, येकच खानदान हाय. कामटी आन वारा."

अंगाचा सांगाडा ते थेट नकाशावरून बांधणार होते. पंखांचं मात्र मी कागदी कटिंग कापून द्यायचं ठरलं, कारण कटिंग म्हणजे माझा प्रांत. डाव्या हातानं कात्री चालवत मी चारही पंखांचे कागद कापले आणि मोठ्या ऐटीत चाचांच्या पुढ्यात टाकले; त्यावरून त्यांनी पंखांचे ढाचे आधी बांधून दिले. ती ऐट मला पुढं भोवली, ते सांगतेच.

त्या मोसमात मला घरातली प्रत्येक वस्तू विमानाची दिसायला लागली. कापड घेतलं ब्लाऊजचंच, टू बाय टू रुबिया, हळदीसारखं पिवळं. वैमानिकाच्या पुढ्यातले काटे-घड्याळं म्हणून टिचबटणं लावली, त्यांवर खिळ्याच्या टोकानं आकडे कोरले. वारा अडवायची काच शर्टाच्या कॉलरमधल्या प्लास्टिकची. दोन पंखांमध्ये ज्या तारा ताणलेल्या असतात त्या जरीच्या दोऱ्याच्या, आणि तारा अडकवायला ब्लाऊजचे हूक. बसायच्या दोन्ही जागांना जुन्या पर्सचं कातडं, आत कापूस, वर चौकटीची शिवण. नाक भेंडाचं कोरलं, ज्याचं बाशिंग करतात त्या भेंडाचं, कारण चाचा म्हणाले वजन वाढवशील तर हात जोडतो. औषधाच्या बाटल्यांच्या झाकणांना सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून चाकं केली. हे घरी आले की आधी स्वतःच्या वस्तू मोजायचे.

पण हे सगळं सोपं. अवघड ते टाके. चार पंख, प्रत्येकाला सात फासळ्या, प्रत्येक फासळीवर अर्ध्या अर्ध्या इंचावर गाठ. पहिल्या दिवशी सुई बोटांत थांबेना. मग मी तो हिरवा चेंडू घेतला, डाव्या हातानं कात्रीनं कापला, त्याची पातळ पट्टी सुईच्या कमरेला गुंडाळली. सुई जाड झाली आणि थांबली. चेंडूचा एवढा चांगला उपयोग त्या मॅडमनासुद्धा सुचला नसता. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तीन गाठी झाल्या. पहिली फासळी पुरी व्हायला दोन दिवस लागले. टाके असे वाकडेतिकडे की शिकाऊ पोरीनं घातले असते तर मी उसवायला लावले असते. मी उसवले नाहीत. मला भीती वाटली की उसवले तर पुन्हा घालायची हिंमत होणार नाही.

दुपारी ओसरीच्या उन्हात बसायची. गल्लीतनं नारायणगडाला निघालेले लोक जायचे, हुरड्याची कणसं घेऊन गाडीवाला जायचा, एखादी बाई थांबून विचारायची, "काय शिवायलाव हो काकू?" मी म्हणायची, "इमान." ती हसायची आणि पुढं जाऊन दुसरीला सांगायची, की काकूंना हाताबरोबर डोक्यालाबी मार लागला बहुतेक. मला राग येत नव्हता. बोटांत कळ यायची, डोळ्यांतनं पाणी यायचं, आणि तरी दुपार कधी सरली ते कळायचं नाही. दोन महिने दिवस ढकलत होते, आता दिवस पुरत नव्हता. दुसऱ्या पंखाला मी सुईवरची रबराची पट्टी काढून टाकली. तिसऱ्याला टाके एका रेषेत यायला लागले. मी हे कुणाला सांगितलं नाही; दृष्ट लागते म्हणून नव्हे, मलाच खरं वाटत नव्हतं म्हणून.

कापड बसल्यावर त्याला साबुदाण्याची दाट खळ लावली आणि पंख उन्हात ठेवले. वाळले तसे ताणत गेले. बोटानं टिचकी मारली तर हलगीसारखे वाजले. मी अंगणात उभी राहून चारही पंखांवर टिचक्या मारत सुटले आणि एकटीच मोठ्यानं हसले.

मग संक्रांतीच्या आठ दिवस आधी चाचा अंगाचा सांगाडा घेऊन आले आणि आम्ही विमान जोडायला बसलो. जोडलं आणि बघतो तर काय! पंख मोठे होते. बारक्या पोरानं थोरल्या भावाचा कोट घालावा तसं ते विमान दिसत होतं. वरच्या-खालच्या पंखांमधल्या खांबांच्या खुणा खुणांना लागेनात. चाचांनी नकाशा काढला, टेप लावली, पुन्हा लावली.

"मी तुज्या कागदावानीच कामट्या कापल्या बेटी. बालभर इकडंतिकडं न्हाई."

चूक माझी होती, आणि ती टेलरणीशिवाय कुणाच्या बापाला करता आली नसती. ब्लाऊज कापताना आम्ही रेघेवर कधीच कात्री चालवत नाही. दोन्ही अंगांना अर्धा-अर्धा इंच जादा सोडतो, पुढं बाई भरली की उसवून सैल करून देता यावा म्हणून. तीस वर्षांची सवय. डोकं दीड इंचाला एक फूट हिशेब करत होतं आणि हात आपला मुकाट्यानं चारही पंखांना चहूबाजूंनी अर्धा इंच सोडत गेला. जसं काही ते विमान उद्या बाळंत होऊन येणार होतं!

मी रडले नाही, चिडले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मोजमाप तर माझं बोट धरून चालायचं, आणि तेच चुकलं. नवे पंख करायला दिवस उरले नव्हते. ह्यांनी विमान फिरवून फिरवून बघितलं, टिचबटणांची घड्याळं बघून तोंडात बोट घातलं आणि म्हणाले, "लई देखनं झालंय गं. कुनाला कळतंय पंख मोठे हायेत ते? काचेची पेटी आणतो, बैठकीत ठिवू."

"मला कळतंय की," मी म्हणाले.

चाचांचं आमच्या बोलण्याकडं लक्षच नव्हतं. त्यांनी विमान दोन्ही हातांवर घेतलं, तोललं, आणि जिना चढून गच्चीवर गेले. आम्ही मागं. वारा सुटला होता. त्यांनी विमान डोक्यावर धरलं आणि ते त्यांच्या हातांतून वर सरकायला लागलं. चाचांच्या पांढऱ्या दाढीत हसू मावेना.

"कपडा ज्यादा, लाकूड कमी! पतंगवाल्याला आन काय पायजे? बेटी, तुजी गलती नसती तर हे टेबलावरच बसलं आसतं. आता हे उडंल!"

"आवो, मोडंल ना!" हे घाबरले. "दीड म्हैन्याची मेहनत. कावून मोडायचं? काचेत ठिवू की."

ह्यांचं चुकत नव्हतं. उडवलं तर मोडू शकत होतं. जरीच्या तारा, हूक, घड्याळं, सगळं एका झटक्यात. पण "काचेत" हा शब्द मला झोंबला. मशीनवर चादर होती. मला आराम होता. आता विमानाला काच येणार होती. घरात जी वस्तू चालेनाशी होते तिला आपण जपायला लागतो, आणि जपता जपता ती चालू शकते हेच विसरून जातो. माझ्या घरच्यांनी मला फार मायेनं जपलं. त्या जपण्यानंच मी निम्मी मेले होते.

"संक्रांतीला उडवू," मी म्हणाले.

आज हे लिहितानाही माझी करंगळी कागदावर टेकत नाही. बाकीची बोटं ताळ्यावर आली, ती मात्र कायमची वाकडी राहिली. चाचा आता कामट्या चाचपून तासतात, त्यांना दिसतं कमी. आमचे हे आपल्या दुकानात गिऱ्हाइकांना अजून पातेली वाजवू देतात. माणसं बदलत नाहीत फारशी. पण त्या संक्रांतीची दुपार आठवली की आम्हा तिघांचेही आवाज आपोआप चढतात, आणि प्रत्येक जण आपण काय केलं ते दुसऱ्याला सांगायला लागतो.

त्या दुपारी गल्लीच्या सगळ्या गच्च्या भरलेल्या. तिळगुळाचे हात, गॉगल, स्पीकरवर गाणी, आभाळात पतंगच पतंग. चाचांनी वरच्या पंखाला चार ठिकाणी दोरे बांधून ते खाली एका गाठीत आणले. दोर पोतं शिवायचा, जाड. चकरी त्यांनी स्वतः धरली. विमान घेऊन ह्यांना समोरच्या गच्चीवर पाठवलं. ते तान्ह्या लेकराला न्यावं तसं घेऊन गेले. दोर माझ्या हातात होता.

"सोडा!" चाचा ओरडले.

ह्यांनी सोडलं, ते वर उसळलं, अर्ध्यात मान वाकडी केली आणि थेट ह्यांच्याच बाजूच्या पाण्याच्या टाकीवर जाऊन आदळलं. सगळ्या गच्च्यांवरून "आऽऽ" असा आवाज निघाला.

हे धापा टाकत विमान परत घेऊन आले. एक खांब मोडला होता, दोन तारा तुटल्या होत्या. मी खाली बसले, चाचांनी खिशातून कामटीचा तुकडा काढून दिला, मी तो मोडक्या खांबाला टेकवून दोरा गुंडाळला, गाठ मारली, दुसरी मारली, जर ओवली, ताणली, हुकात अडकवली. मग काळ्या कापडाची लांब पट्टी फाडून शेपूट म्हणून टाचली. हे विमान पालथं धरून बसले होते. त्यांचं लक्ष माझ्याकडं नव्हतं. ते खालच्या डाव्या पंखावरून बोट फिरवत होते, जो मी पहिला शिवला होता, जिथं टाके दारुड्यासारखे झोकांड्या देत होते. तिथून बोट उजव्या पंखावर गेलं, तिथून वरच्या पंखांवर, आणि शेवटच्या फासळीवर थांबलं. तिथं गाठी अशा बसल्या होत्या की मोजपट्टी लावून घ्यावी.

"हे समदं ह्याच हातानं?" त्यांनी विचारलं.

"मग काय तुमच्या?"

ते तसेच उठले. विमान उचलून पुन्हा समोरच्या गच्चीवर गेले, ह्या वेळी पायऱ्या दोन-दोन चढत.

दुसऱ्यांदा सोडलं आणि वारा खालून लागला. विमान एकदा थरथरलं, शेपटीनं ते सावरलं, आणि मग चढत गेलं. पाण्याच्या टाक्या, डिश अँटेना, लिंबाचे शेंडे, सगळं खाली ठेवून चढत गेलं. दोन मजली पिवळे पंख उन्हात पेटल्यासारखे दिसत होते आणि जरीच्या तारा चमकत होत्या. गच्च्यागच्च्यांवर ताटं वाजायला लागली. माझ्या डोक्याला मार लागला म्हणणारी बाई सगळ्यांत जोरात ओरडत होती. पोरांनी आपापले पतंग बाजूला घेतले, एकाचा जवळ आला तर चाचांनी आवाज लावला, "कुनी काटलं तर तंगडं तोडीन बे!" दोर असा ओढत होता, जणू पलीकडं जनावर बांधलंय.

"बेटी, दे मला. हात कापंल तुजा," चाचा म्हणाले.

"देत न्हाई," मी म्हणाले. उजव्या हाताला दोराचे दोन वेढे घेतले होते. अंगठा आणि ती दोन बोटं दोरावर आवळली होती, आणि ती मी आवळली नव्हती, त्यांची ती आवळली होती. दुखत होतं. मी आनंदानं ओरडत होते आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

हे समोरच्या जिन्यानं उतरून आमच्या गच्चीवर आले तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. तेलगावचा टेलर. ह्यांना वाऱ्यात ऐकू येईना, म्हणून ते असे ओरडून बोलले की पाच गच्च्यांना कळलं.

"टेंपो? न्हाई न्हाई, टेंपो नका सांगू. मशीन द्यायची न्हाई." पलीकडून तो काहीतरी बोलत राहिला. ह्यांनी माझ्याकडं बघितलं, वर बघितलं, पुन्हा माझ्याकडं. "कावून म्हंजी? जिची मशीन हाय ती कामात हाय!"

फोन खिशात टाकून त्यांनी चाचांच्या हातातली चकरी घेतली आणि माझ्या मागं येऊन उभे राहिले.

"आजून ढील दिऊ का गं?"

"द्या," मी म्हणाले. "हाय तेवढी समदी द्या."